साहेबांच्या डिकीतला पुठ्ठा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपल्या गॅरेजचे मॅनेजर साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि जेवणाची झाकणं कधी उघडतात म्हणून माझ्याकडे रागाने बघणाऱ्या सहकाऱ्यांनो,

काउंटरवर बसणाऱ्या बाईच्या हातात माइक देऊ नये, एवढं साधं आयोजकांना कळलं नाही, त्याला मी काय करणार?

आधीच्या वक्त्यांनी साहेबांना काटेकोर म्हटलं, दूरदर्शी म्हटलं. अगदी खरं! इतके काटेकोर, की गिऱ्हाइकाच्या गाडीखाली तेलाचा ठिपका दिसला तर ती गाडी फाटकाबाहेर सोडत नाहीत. आणि इतके दूरदर्शी, की स्वतःच्या गाडीखाली अंथरायला डिकीत कायम पुठ्ठा. लोक कुणाकडे जाताना फळं नेतात, आमचे साहेब पुठ्ठा नेतात.

दुखणं काय, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं ऑइल सील. रबराची एवढीशी कडी. उष्णतेने कडक झाली, झिजली, की तेल गळायला लागतं. पण तिच्यापर्यंत हात पोचवायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. हेडमिस्त्री विनवून थकले, "साहेब, एक दिवस गाडी द्या." उत्तर ठरलेलं, "आधी गिऱ्हाइकाची गाडी. माझी काय, चालतेय की!"

चालतेय? वहिनींना विचारा. गेल्या आठवड्यात साध्या चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. गळून गळून तेल क्लचवर गेलं होतं. वहिनी उतरल्या, चालत वर गेल्या आणि साहेबांच्या आधी घरी पोचल्या. हसू नका वहिनी, तुम्हीच सांगितलंत.

हसण्यावारी नेलंही असतं. पण हा समारंभ आटोपला की दोघं इथूनच लेकीकडे निघणार आहेत. तिचे दिवस भरलेत, आणि वाटेत घाट आहे. हे ऐकलं आणि मी काउंटर सोडून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, दुसरी गाडी न्या." तर म्हणाले, "तू तुझं काउंटर सांभाळ."

सांभाळलं की! सकाळी साहेब पुठ्ठा अंथरून, गाडी लावून केबिनमध्ये गेले, आणि वहिनींनी पर्समधली दुसरी चावी गुपचूप माझ्या हातात ठेवली.

अहो साहेब, उठू नका! गाडी जागेवर नाहीये, आत लिफ्टवर आहे. हेडमिस्त्रींची खुर्ची रिकामी का, हे एवढ्या हॉलमध्ये कुणालाच दिसलं नाही? क्लच नवा घातलाय. पण घाई नडली, नवं सील तिरकं बसलं, ते काढून पुन्हा दुसरं बसवावं लागलं. मिस्त्रींचा निरोप आला, "बाई, बोलत राहा." तेव्हा अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे बघून काही उपयोग नाही. मी वरच्या नव्हे, खालच्या हुकमाने बोलतेय.

काय म्हणालात, साहेब? थांबा, मागच्यांना ऐकू गेलं नाही. साहेब विचारतायत, "बसवताना सीलला तेल लावलं होतं ना?" घ्या! गाडी परस्पर उघडली त्याचा राग नाही, सील कोरडं तर बसवलं नाही ना, याचा घोर! लावलं हो. कोरडं सील बसवलं तर इंजिन सुरू होताच खराब होतं, हे इथल्या प्रत्येक मिस्त्रीला तुम्हीच शिकवलंत. प्रेमाने नव्हे, कान फाटेपर्यंत ओरडून. उद्यापासून कोण ओरडणार, या विचाराने मला कालपासून जेवण गोड लागलेलं नाही.

ऐकलंत? तोच तो घसा बसलेला हॉर्न. गाडी खाली उतरली!

तर अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि घरातच चावी चोरणाऱ्या वहिनींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात जीभ घसरली असेल तर पोटात घाला, ती पहिल्यापासूनच तशी आहे. साहेब, तुमचा पुठ्ठा आम्ही ठेवून घेतलाय, आता तो मिळणार नाही. लेकीच्या दारात तेलाचा एक थेंब जरी दिसला, तरी तिथे कुणाला गाडी दाखवू नका. सरळ इकडे आणा. बाहेर गिऱ्हाइकांची रांग कितीही लांब असू दे, आधी तुमची गाडी.