बॅटरीचं पाणी

...आणि तुम्हाला सांगतो, मी कधी नाही म्हटलंच नव्हतं! सासरे रोज सकाळी विचारायचे, "जावईबापू, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलंत का?" आणि मी रोज म्हणायचो, घालतो. आता ह्यात खोटं काय आहे? घातलं असं म्हटलंय का मी? सासऱ्यांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता फुप्फुसं थकलीत म्हणून आमच्याकडे असतात, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, आणि ते मशीन चालतं विजेवर. जादाचं सिलिंडर? भरायला गेलेलं. आणि भर दुपारी गेली की वीज!

मशीन इन्व्हर्टरवर गेलं, मी निवांत, तीन तास ओढते आमची बॅटरी... आणि वीस मिनिटांत इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. बायको माझ्याकडे बघतेय, मी बॅटरीकडे. म्हटलं, घालतो, आत्ता घालतो! बाटली घेऊन धावलो, तर सासरे एकेक शब्द श्वासात बसवत म्हणतात, "आता पाणी घालून... बॅटरी भरत नाही. आत वीज नसते, शिशाच्या प्लेटा असतात... आणि आम्ल. चार्ज करताना ती दोघं वेगळी होतात. वीज मागितली, की परत एकमेकांना धरतात... आणि धरताना वीज सुटते. पाणी आटलं, की प्लेटा वरून कोरड्या. त्या कोणाला धरणार?" म्हणजे बघा, श्वास अडकायची वेळ आलीय आणि हे शिकवतायत! मी काय म्हणणार? शिकतो?

मग म्हणाले, गाडीतली काढून आणा, तीही बारा व्होल्टचीच आहे. तीन जिने उतरलो, पाना घेऊन बॅटरी सोडवली, तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून वर आणली. तळमजल्यावरच्या काकू विचारतायत, "गाडी विकली का हो?" काय सांगू त्यांना? घालतो घालतो म्हणत राहिलो, त्याची फळं आहेत ही?

वर आलो तर मशीन बंद. सासऱ्यांच्या बोटाला तो चिमटा असतो ना, ऑक्सिजन दाखवणारा, त्यावर एकोणनव्वद... सत्त्याऐंशी... चौऱ्याऐंशी. बायको त्यांचा हात धरून बसलेली. इन्व्हर्टरच्या वायरी जुन्या बॅटरीवरून सोडवल्या, गाडीतली बॅटरी शेजारी ठेवली. एक वायर उचलली, टेकवणार, तेवढ्यात सासऱ्यांनी दोन बोटं वर केली. डोळे मिटलेले नव्हते त्यांचे. माझ्या हातांवरच होते.

"लाल," ते म्हणाले. "धनाला."

उलटी लावत होतो हो मी.

बदलली. आवळली. बटण दाबलं. आणि ते मशीन, ज्याच्या घरघरीने मी वर्षभर वैतागलोय, ते घुर्रर्र करून सुरू झालं... तुम्हाला सांगतो, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही! सत्त्याऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. मी तिथेच फरशीवर बसलो. बायकोने सगळ्यात आधी वडिलांचे पाय चादरीत नीट गुंडाळले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग रडली. पाऊण तासाने वीज आली, तेव्हा कोणाचं लक्षही नव्हतं.

सासऱ्यांनी नळी सारखी केली, माझ्याकडे पाहिलं. "प्रात्यक्षिकात पास," म्हणाले. "लेखी उद्या घेतो."

बावन्न वर्षांचा आहे हो मी... वही आणलीय.