स्कीच्या उताराला मेंढ्या हव्यात

काराकोल गावच्या बसथांब्यावर मेंढपाळ सापरबाय आणि स्की रिसॉर्टचा मॅनेजर एर्मेक बोलू लागले, तशी शेजारी उभ्या असलेल्या झामलने ते ऐकायला म्हणून आलेली गाडी सोडून दिली.

“आजोबा, यंदा मेंढ्या वर आणा.”

“गेल्या साली तुम्हीच हाकलल्यात. पाहुण्यांना वास येतो म्हणालात.”

“चुकलंच. न चरलेलं गवत आडवं पडलं आणि त्यावरून सगळा बर्फ घसरला. पुन्हा तसं झालं, तर रिसॉर्टला टाळं लागेल.”

“आम्ही हेच सांगत होतो, तेव्हा तुम्ही नकाशे दाखवत होतात.”

“आता चराई फुकट देतो.”

“माझ्या आजाच्या कुरणात? उपकार झाले.”

“मग आणताय ना?”

“कुठून आणू? कुरण गेल्यावर विकल्या. तुमच्याच हॉटेलने घेतल्या, कबाबांसाठी.”

“सगळ्या? एखादी तरी उरली असेल.”

“आहे की एक म्हातारी. पण तिला दात नाहीत.”