वावेलचं स्वयंपाकघर

अरे, भीती कशाला म्हणतात ते मला विचारा! कुवेतच्या लढाईत आम्ही सौदीत, दम्मामजवळ कंपनीच्या कॅम्पात होतो. सायरन वाजला की आमचा पोलंडचा इंजिनिअर धीर द्यायला त्याच्या गावच्या वावेल टेकडीवरच्या राजवाड्याचं सांगायचा. "राजवाडा जळला, इटलीच्या कारागिरांनी नवा बांधला. स्वीडनवाल्यांनी जाळला, पुन्हा उभा केला. ऑस्ट्रियाच्या फौजेने त्याची बरॅक केली. शेजारचं कॅथेड्रलसुद्धा पुन्हा पुन्हा बांधलेलं."

सुर्वे सुताराने विचारलं, "साहेब, मग मूळचं काय वाचलं?"

"एक गोल दगडी चर्च. राजाच्या स्वयंपाकघराच्या भिंतींत दडून गेलं, म्हणून वाचलं."

झालं! पुढचा सायरन वाजताच आम्ही साहेबासकट मेसच्या स्वयंपाकघरात घुसलो. बाहेर धडाम झालं, भांडी खाली आली. आणि आमचा आचारी, चिपळूणचा हमीदचाचा, उघड्या वाळूत पळत सुटलेला!

सुर्वे ओरडला, "चाचा, आत या, मराल!"

चाचा लांबूनच ओरडला, "मेल्यांनो, तुम्ही बाहेर या! गॅसच्या भरलेल्या सिलिंडरांना टेकून बसलायत!"

साहेबाला हिंदी-इंग्रजीत समजावलं. तो पांढराफटक पडला. सिलिंडरकडे बघत हळूच म्हणाला, "आमचे राजे चुलीवर शिजवायचे."