मागच्या सीटवरून उठताना

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे कारखान्याचे मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले, गाड्यांना नाकडोळे देणारे चित्रकार साहेब. माझ्या सुनेची खुर्ची उद्यापासून सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाई. समोर जमलेले मातीकामाचे, सुतारकामाचे, सीट शिवणारे कारागीर. ऑफिसातली मंडळी, त्यांची घरची माणसं, आणि मागे दाराशी उभं राहून चहा कधी येतो याचा अंदाज घेणारे तुम्ही सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

निवृत्त होणाऱ्या बाईबद्दल चार चांगले शब्द बोलायला तिच्या सासूला उभं करावं, एवढं धाडस दुसऱ्या कुठल्या कंपनीनं केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. साहेबांनी ते केलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. पुढं जे होईल त्याला मी जबाबदार नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. हे भाषण मी सांगितलं, नातीनं लिहून घेतलं, आणि आता कागद मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली आहे. मी भलतंच काही बोलायला लागले की ती खोकणार आहे. तिला कुणी पाणी देऊ नका.

माझी सून लग्न होऊन आली तेव्हा शेजारणींनी विचारलं, काय करते हो ही? मी सांगितलं, मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथं काय करते? तर माणूस गाडीत बसतो कसा आणि उतरतो कसा, हे बघते. शेजारणी म्हणाल्या, आणि याचा पगार मिळतो? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. बसणं-उठणं हे काय बघायचं काम आहे का? माणूस तरुण असला की त्याला असंच वाटतं. उठणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे न उठता आल्याशिवाय कळत नाही.

आमच्या घरी तुमच्याच कारखान्याची छोटी गाडी आहे. सुनेनं नोकरीला लागल्यावर जिच्यावर पहिल्यांदा काम केलं, तीच. दिसायला मोठी गोड. घेतली तेव्हा गल्ली बघायला आली होती. मागची सीट मात्र खोल. बसताना माणूस अलगद आत जातो. उतरताना गुडघे हनुवटीशी येतात आणि हाताला धरायला काही सापडत नाही.

माझे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. आयुष्यभर ताठ उभं राहायचं आणि दुसऱ्यांना ताठ उभं करायचं, हाच धंदा. म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला. एका लग्नाला गेलो होतो. हॉलच्या दाराशी गाडी थांबली. ह्यांनी एक पाय बाहेर ठेवला, दुसरा काही निघेना. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी मुलानं एका बगलेत हात घातला, हॉलच्या रखवालदारानं दुसऱ्या, आणि जिन्यातून कपाट काढावं तसं ह्यांना बाहेर काढलं. टोपी आत राहिली, एक चप्पल गाडीखाली गेली. नवरीकडची माणसं हातात फुलं घेऊन समोरच उभी होती. ती सगळी एकदम दुसरीकडे बघायला लागली. हसली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर हे सुनेला म्हणाले, "सूनबाई, तुझी गाडी आत घेताना पाहुण्यासारखं घेते, आणि सोडताना कैद्यासारखं सोडते."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

त्यानंतर हे बाहेर जाईनासे झाले. वाढदिवस असो, बारसं असो, कुणाला दवाखान्यात बघायला जायचं असो, एकच उत्तर, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." ज्या घराला दोन कुलपं आहेत ते घर सांभाळायला एवढा धडधाकट आवाजाचा माणूस कशाला लागतो? पण आम्ही वाद घातला नाही. आम्हाला कारण माहीत होतं आणि त्यांना आम्हाला माहीत आहे हे माहीत होतं.

एक दिवस सुनेनं स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल आणून ह्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाली, बाबा, यावर बसा आणि हात न टेकता उठा. हे बसले. उठता येईना. तिनं एक चादर घडी करून स्टुलावर ठेवली. उठता येईना. दुसऱ्या दिवशी आणखी एक चादर. रोज संध्याकाळी चहाच्या आधी हा खेळ. मी म्हणायची, अगं, अंथरायला एखादी ठेवशील का? हे स्वतःच स्वतःला मोठ्यानं हुकूम द्यायचे, ऊठ, आणि अर्ध्यावरून खाली बसायचे. आणि एका संध्याकाळी उठले. कुठं हात नाही, टेकू नाही. छाती काढून स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले आणि आमच्याकडे असं बघितलं, की आता कुणी शिट्टी वाजवली असती तर चालायलाच लागले असते.

सुनेनं तो चादरींचा गठ्ठा तसाच्या तसा दोरीनं बांधला आणि कारखान्यात नेला. पुढचं अध्यक्ष साहेबांनीच मला मघाशी सांगितलं, म्हणून बोलते. तेव्हा साहेब एवढे मोठे नव्हते. तिनं गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, बाई, हे काय? धोब्याकडचे कपडे आणलेत का? ती म्हणाली, "हे माझ्या सासऱ्यांचं उठणं आहे. मागची सीट एवढी वर हवी."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण सीट वर नेली की डोकं छपराला लागतं. मग छप्पर वर न्यायचं. छप्पर वर नेलं की गाडी डब्यासारखी दिसते, असं चित्रकार साहेबांचं म्हणणं. चित्रकार साहेब, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचंही खोटं नाही. मला मुलगा दाखवला होता तेव्हा मी तरी काय बघितलं? नाक बघितलं. गुडघे कुठं बघितले होते?

मधे एकदा कारखान्यानं ही गाडी बदलली. नवे दिवे आले, नवे रंग आले. सीट होती तिथंच राहिली. त्या दिवशी सून घरी आली तेव्हा हे दारातच बसले होते. रोजच्यासारखं विचारलं, "छप्पर किती वर गेलं?" तिनं मान हलवली. हे म्हणाले, "बरं. पुढच्या वेळी." आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. एवढंच. ती आत जाऊन तोंड धूत राहिली, बराच वेळ.

पुढची वेळ यायच्या आत हे गेले. शेवटी घराबाहेर पडले ते ॲम्ब्युलन्समधून. तिचं मागचं दार मोठं असतं.

आता सगळे ज्याची वाट बघत आहेत त्या नव्या गाडीकडे येते. बघा, खुर्च्या पुढं सरकल्या. घाबरू नका साहेब, बाजारात येईपर्यंत ती गुपित आहे हे मला ठाऊक आहे, आणि माझी नात आहे खोकायला.

ही गाडी पुन्हा नव्यानं घडवायची ठरली, तसं आमच्या घराला जत्रेचं रूप आलं. कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला यायचा, वहिनी, डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतील ना? वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण यायची, तिला गाडीमागचं दाखवणारा, टीव्हीसारखा मोठा पडदा हवा. आमच्या जावयाला तर गाडी आपोआप रांगेत लागायला हवी, स्वतःला येत नाही म्हणून. सून सगळ्यांना एकच सांगायची, चहा घ्या. मग ते माझ्याकडे वळायचे. एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, छपराला काचेची खिडकी आहे म्हणतात, खरं का? मी नेमकं तेव्हा वर बघितलं, कारण पंख्यावर कोळिष्टक होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीभर बातमी, खिडकी नक्की, आजींनी वर बोट केलं. मी बोटसुद्धा केलं नव्हतं.

मला स्वतःला ना खिडकी हवी होती, ना पडदा. मला एवढंच कळायला हवं होतं, की चादरी जिंकल्या की नाक जिंकलं.

तुमच्याकडे एक पद्धत आहे. गाडी पत्र्याची होण्याआधी मातीची करतात, आणि माणसं बसवून बघायला लाकडाचा सांगाडा करतात. त्यासाठी बाहेरची म्हातारी माणसं बोलावतात. त्यात मला बोलावलं. सांगाड्याला चहूबाजूंनी काळे पडदे. आत फक्त सीट आणि दाराची चौकट दिसेल, गाडीचं रूप दिसणार नाही. असे दोन सांगाडे. सून भिंतीशी हाताची घडी घालून उभी. तिला माझ्याशी बोलायची परवानगी नव्हती. सुनेनं सासूशी बोलायचं नाही असा नियम घरातही असता तर आमचे दोन-चार दिवस शांततेत गेले असते.

पहिल्या सांगाड्यात बसले. उठताना दोन मुली पुढं धावल्या. मला हॉलचं दार आठवलं, आणि ती फुलं.

दुसऱ्यात बसले. उठले. चार पावलं चालून खुर्चीशी आले, पाणी प्याले, पदराला तोंड पुसलं. तेवढ्यात एक मुलगी धावत आली, "आजी, तुमची काठी आत राहिली."

मी भिंतीकडे बघितलं. सून छताकडे बघत होती. तिथं कोळिष्टक नव्हतं.

पण सांगाडे दोन होते. त्यातला कुठला गाडी होणार, हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. आणि मग तो टॅक्सीवाला मोबाइलवर फोटो घेऊन आला. कुणीतरी रस्त्यावर चाचणीची गाडी पाहिली होती. सगळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, गोवर निघाल्यासारखी. तो म्हणाला, आजी, बघा, छप्पर मागे कसं खाली उतरलंय, काय देखणी दिसते! मी म्हणाले, हो, देखणी आहे. छप्पर खाली म्हणजे सीटही खाली, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सुनेला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. कारखान्याचा नियमच होता, कुणालाच सांगायचं नाही, आणि घरातलं माणूसही 'कुणालाच' या शब्दात येतं, हे ती इतकी वर्षं पाळत आली. नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलं कधी. माझा मुलगा भोळा आहे, त्याला विचारावंसं वाटलं नाही ही गोष्ट वेगळी.

परवा तिनं ऑफिसातलं सामान घरी आणलं. पेला, स्वेटर, कुंडी, आणि तो गठ्ठा. तोच, दोरीसकट. इतकी वर्षं तिच्या कपाटात होता. दोरी मळून काळी झाली होती.

काल संध्याकाळी बघते तर गच्चीत दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. सगळ्या. वाऱ्यानं फुगलेल्या. ती शेवटच्या चादरीला चिमटे लावत होती. म्हटलं, अगं, ती गाठ का सोडलीस? ह्यांची आठवण होती ती.

ती म्हणाली, "आता त्या मोजायला लागणार नाहीत, आई. अंथरायला घ्या."

मी विचारलं, "म्हणजे? हरलीस का तू?"

तिनं चिमटा लावला, चादर सारखी केली आणि म्हणाली, "उद्या समारंभाला काठी आठवणीनं घ्या. आपल्याला न्यायला येणारी गाडी जुनीच आहे."

बघा, नात खोकली. पण मी काय सांगितलं? मी गाडीबद्दल एक अक्षर बोललेले नाही. मी चादरींबद्दल बोलले आणि माझ्या काठीबद्दल बोलले. दोन्ही माझ्या घरच्या वस्तू आहेत. साहेब, तुम्ही हसू नका, लोक अर्थ काढतील.

काल रात्री मी त्यातली एक चादर अंथरून झोपले. मनातल्या मनात ह्यांना सांगितलं, छप्पर वर गेलं असावं. नक्की माहीत नाही. पण सुनेला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं, आणि तिचा आवाज चांगला नाही, तेव्हा कारण मोठंच असणार.

सूनबाई, गाडीवर तुझं नाव कुठं लिहिलेलं नसेल. लिहिलं असतं तरी मला वाचता आलं नसतं. पण उद्या कुठल्यातरी हॉलच्या दाराशी एखादा म्हातारा मागच्या सीटवरून आपला आपण उतरेल, टोपी सारखी करेल आणि फुलं घ्यायला पुढं होईल. त्याच्या लक्षातही येणार नाही की काही झालं. तुझं काम ते.

अध्यक्ष साहेबांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी चहा लांबवून ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे. म्हातारीच्या तोंडून कुणाला कमी-जास्त लागलं असेल तर पोटात घाला. चित्रकार साहेब, तुम्ही जरा जास्त घाला.

आता मी खाली येते. या व्यासपीठाच्या पायऱ्या कुणी केल्या मला ठाऊक नाही, पण त्यांनी माझ्या सुनेला विचारलं नव्हतं, हे नक्की. तेव्हा सूनबाई, ये इकडे. जरा हात दे.