रफीकभाईंनी नाकारलेला ट्रान्सफॉर्मर

भाभी, रफीकभाईंच्या घरची माणसं आन् चिखलीतली सगळी मंडळी. रफीकभाईंच्या या शोकसभेत मी बोलायले उभा राह्यलो. ज्यानं रफीकभाईले मारलं, त्याचा मी सख्खा लहान भाऊ. तरी त्यांच्या बायकोनं, आपल्या भाभीनंच, म्हटलं, "अविनाश, तू तिथं होतास. तूच सांग." म्हणून सांगतो.

आमचा ऑर्केस्ट्रा. संतोषदादा मालक, मी गिटार वाजवतो. माझ्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला, तो आम्ही बाजारात रफीकभाईच्या रिपेरिंगच्या दुकानात नेला. रफीकभाईनं एकेका व्हॉल्व्हले तापायले किती करंट लागते ते पाह्यलं, वरतून थोडा जास्त धरला, आन् त्या मापाचा नवा ट्रान्सफॉर्मर तांब्याची तार गुंडाळून बनवायले घेतला. म्हणाले, थांबा जरा.

दादाले थांबायचं नव्हतं. साखरखेर्ड्याले लग्नाचा कार्यक्रम होता. त्यानं भंगारातून एक मोठा ट्रान्सफॉर्मर आणला.

भाईनं तो तपासला. "संतोष, हा नाही बसवणार."

"काऊन बे? मोठा आहे, दणकून वाजंल."

"व्होल्ट जास्त देते, व्हॉल्व्ह उडतील. ते जाऊ दे. याचं आतलं इन्सुलेशन गेलं. करंट अँप्लिफायरच्या पत्र्यात उतरंल, पत्र्यातून गिटारच्या तारेत. तारेवर बोट कोणाचं राहते?"

भाईनं माझ्याकडं पाह्यलं.

दादा म्हणाला, "तू बसव. मरंल तर माझा भाऊ मरंल."

"मी नाही बसवत."

एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही.

दादानं तो लोखंडी धोंडा दोन्ही हातांनी उचलला आन् त्यांच्या डोक्यात घातला. भाई टेबलावर कोसळले. त्यानं परत उचलला. मी त्याच्या हाताले लटकलो. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, तोंड रक्तानं भरलं, हात सुटला. त्यानं परत घातला. मंडळी, भर बाजारात, दिवसाउजेडी. हाडाचा आवाज मी ऐकला. भाईनं दवाखान्याच्या वाटेवर माझ्या मांडीवर जीव सोडला.

मी पोलिसात जबाब दिला. कोर्टातही दादासमोर हेच सांगीन.

माय माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, "गेलेला येणार आहे का? आहे त्याले तरी वाचव." काय सांगू तिले? जो आहे, तो माझा भाऊ, मले मरू द्यायले तयार होता. जो गेला, तो माझा कोणीच नव्हता.

रफीकभाई, माझा सलाम घ्या.

मंडळी, उठा. घडीभर कोणी काही बोलू नका.