नव्या अ‍ॅम्पमधले जुने व्हॉल्व्ह

हसू नका, पण वडिलांसमोर मी गिटारचा कोरा अ‍ॅम्प्लिफायर उघडला, तिथंच चुकलं. अण्णांचा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार. संशय हाच त्यांचा धंदा. अ‍ॅम्प जुन्या मॉडेलची नवी नक्कल होता आणि मला ऑर्केस्ट्रात आवाज हवा होता जुना. म्हणून त्यातले नवे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, काढून जुन्या रेडिओतले बसवत होतो.

अण्णा बाजेवरून उठून आले.

"काढलंस ते बिघडलंय का?"

"न्हाई."

"घालतोस ते?"

"माझ्यापेक्षा जुनं हाय. जुन्यात आवाज गोड येतो."

"कुणी सांगितलं?"

"ओतूरच्या रेडिओवाल्यानं."

"आन् हे इकलं कुणी?"

"त्यानंच."

अण्णांनी बैलाचे दात बघावेत तसा एक व्हॉल्व्ह उजेडात धरून फिरवला.

"म्हातारा बैल तरणा दिसावा म्हणून लोक शिंगं तासत्यात, तेल लावत्यात. पण तरण्याचा म्हातारा करून इकायचं आमच्या बाजारात अजून कुणाला सुचलं न्हाई. असल्या मालाला गिऱ्हाईक मिळतं व्हय?"

मी मान खाली घालून पुढचा व्हॉल्व्ह बसवायला घेतला.

"म्हंजे मिळालंय," म्हणत अण्णा परत बाजेवर जाऊन आडवे झाले.