नव्वद घोड्यांची मालकीण

...आणि वर मलाच म्हणतो, “वहिनी, तुम्ही बसा ना आत, पंख्याखाली!” का? का म्हणून बसू मी पंख्याखाली? मला काय घेरी आलीय? मी गाडी दाखवायला आलेय, माझी गाडी, माझ्या पगारातून घेतलेली, सतरा वर्षं मीच चालवलेली, आणि हा मेकॅनिक बॉनेट उघडून विचारतोय कुणाला, तर आमच्या ह्यांना! “साहेब, पिकअप कसा आहे?” आता आमचे हे म्हणजे वाचनालयात ग्रंथपाल. गाडी चालवता येत नाही. चालवणं सोडा, नुसतं बसलं तरी दहा मिनिटांत मळमळतं, डोळे मिटून, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून बसतात. ते काय सांगणार पिकअपचं? तर तुम्हाला सांगते, त्यांनी गंभीर चेहरा केला, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, “बरा आहे.” बरा आहे? अहो, बरा असता तर इथे कशाला आलो असतो आपण!

गाडी कोणाची? माझी! पण मला विचारतंय कोण?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच तापलीय. मी नर्स. घरोघरी जाते. कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. निम्मे पेशंट टेकडीवरच्या कॉलनीत. आणि तो टेकडीचा चढ... चढ कसला, भिंतच ती! माझी गाडी साठ हॉर्सपॉवरची, त्यातले वीसेक घोडे तरी केव्हाच निवृत्त झालेले. अर्ध्या चढावर पहिला गिअर, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, इंजिनाचा नुसता आक्रोश चाललाय, आणि बाजूने एक बाई बाबागाडी ढकलत मला ओव्हरटेक करून जाते! वर हसून हातही हलवते!

बरं, तेही सोसलं. पण एका सकाळी गाडी चढावर बंद पडली ती पडलीच. वर एक आजोबा राहतात, एकटेच. हात थरथरतात म्हणून इन्सुलिन मी देते, आणि ते घेतल्याशिवाय खायचं नाही. मी बॅग उचलून धापा टाकत पोचले तेव्हा दहा वाजून गेलेले, आणि आजोबा टेबलाशी, समोर नाश्त्याची बशी झाकून ठेवलेली, दोन तास तसेच बसलेले. चिडले असते तर बरं वाटलं असतं हो. नुसतं म्हणाले, “आलात का?” मला इतकं लागलं ते... त्याच दिवशी ठरवलं. नवी गाडी काही आपल्याला झेपत नाही, मग हिलाच ताकद द्यायची!

म्हणून गेलो त्या मेकॅनिककडे. त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकत राहतो. तसं ऐकलं त्याने. उसासा टाकला. आणि ह्यांना, ह्यांना म्हणाला, “साहेब, हिच्यात आता काही राहिलं नाही. माझ्याकडे ह्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन आहे. गाडी मागून ठोकलेली, इंजिनाला ओरखडा नाही. नव्वद हॉर्सपॉवर. बसवू?”

मी म्हटलं, “बसवा.” तो ह्यांच्याकडे बघतोय. मी म्हटलं, “अहो, बसवा!” तो ह्यांच्याकडेच बघतोय. मग ह्यांनी मान हलवली. “चला, ठरलं,” म्हणाला. म्हणजे मी काय मघापासून मांजरीशी बोलत होते?

आणि मग जे सुरू झालं ना! इंजिन मोठं, म्हणून जुना क्लच टिकणार नाही. क्लच बदला. इंजिन तापणार जास्त, म्हणून रेडिएटर मोठा. रेडिएटर मोठा, म्हणून पुढची पट्टी कापा. गाडी जोरात जाणार, म्हणजे थांबायलाही हवी, म्हणून ब्रेक बदला. मी म्हटलं, “अहो डॉक्टर, त्यापेक्षा माझी नंबरची पाटीच काढा आणि दुसऱ्या गाडीला लावा!” तर खो खो हसला आणि ह्यांना म्हणाला, “वहिनी विनोदी आहेत हां!”

विनोदी! गाडी कोणाची? माझी! आणि मी तीन महिने बसने, इंजेक्शनची बॅग छातीशी धरून, उभ्याने!

आता फोनची गंमत ऐका. मी माझा नंबर दिला होता. भिंतीवर खडूने ठळक लिहून आले होते. पण हा फोन करणार कुणाला? साहेबांना! वाचनालयात! आणि वाचनालयात मोठ्याने बोलायचं नाही, तो नियम ह्यांनीच केलेला, त्यामुळे हे टेबलाखाली वाकून कुजबुजत, “हो... हो... करा.” संध्याकाळी घरी आले. मी विचारलं, “काय करा म्हणालात?” म्हणाले, “ते नीट ऐकू नाही आलं. त्याने विचारलं, करू का? मी म्हटलं, करा.”

काय केलं असेल? सांगा ना, काय केलं असेल? सायलेन्सर! रेसच्या गाडीचा, मनगट आत जाईल एवढ्या तोंडाचा सायलेन्सर! मी पहिल्यांदा किल्ली फिरवली तर गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं, आणि डॉक्टर ह्यांच्या पाठीवर थाप मारून ओरडतोय, “साहेब, आवडलं का?” आणि आमचे हे, आयुष्यभर लोकांना शू-शू करण्यात गेलेला माणूस, काय म्हणाले? “बरा आहे.”

मग इंजिनाचा नवा नंबर नोंदवायला मी आरटीओच्या कचेरीत गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, “मालकांना घेऊन या.” मी म्हटलं, “मालक समोर उभे आहेत.” तर मान वाकडी करून माझ्या मागे बघतोय!

पण गाडी... आता खोटं का बोलू? दुसऱ्याच दिवशी सकाळी चढाला लागले. हे शेजारी, पिशवीसकट, कारण डॉक्टरने सांगितलं होतं, “साहेब, पहिले दोन दिवस तुम्ही स्वतः गाडी ऐका.” मी तिसऱ्या गिअरमध्ये होते. तिसऱ्या! ती चढत गेली हो, दुपट्टा वाऱ्यावर उडावा तशी, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कशाने कोण जाणे. आठला पाच कमी असताना आजोबांच्या दारात! ते कानात बोटं घालून पायरीवरच उभे होते. म्हणाले, “आज विमानाने आलात का?” इन्सुलिन दिलं, आणि त्यांचा नाश्ता सुरू होईपर्यंत थांबले. मुद्दाम थांबले.

आणि खाली उतरून सरळ रस्त्याला लागले, आता जरा आनंद होता मनात, पाय पडला असेल थोडा जास्त, तर समोर पोलीस! हात आडवा! मी गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंग माझ्या हातात. माझ्या! तो माझ्या खिडकीशी वाकला आणि माझ्या नाकावरून पलीकडे बघून म्हणतो, “काय साहेब, कितीने पळवत होता?”

हे पांढरेफटक पडलेले. तसे कधी तोंड उघडत नाहीत, पण त्या क्षणी अशी वाचा फुटली, “मी? मला तर चालवताच येत नाही!”

“मग गाडी कोणाची?”

“ह्यांची! गाडी ह्यांची, इंजिन ह्यांचं, क्लच ह्यांचा, सायलेन्सरसुद्धा ह्यांचाच!”

बघा! तीन महिने मी घसा फोडून सांगतेय, तेव्हा कुणी नाही, आणि आता दंडाच्या वेळी घडाघडा! पण खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं. कारण तो पोलीस पहिल्यांदा माझ्याकडे वळला, पावतीचं मशीन हातात घेतलं आणि म्हणाला, “पूर्ण नाव सांगा.” मी सांगितलं. एकेक अक्षर, स्वच्छ, मान ताठ करून. खर्र खर्र करत पावती बाहेर आली. मी चष्मा लावून वाचली. वाहनमालक. पुढे माझं नाव. आणि नावाच्या आधी... श्री.!

“अहो,” मी म्हटलं, “हे श्री. कुठून आलं?”

“मशीनमधून तसंच छापून येतं, बाई.”

आता मशीनशी काय भांडू? भरला दंड. मुकाट्याने. श्रीयुत म्हणून.